संगतीचा अंमल : प्रस्तावना

वाईट संगत टाळावी, हा उपदेश इतका जुना, इतका सर्वमान्य आणि इतक्या वेळा ऐकलेला आहे की, त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहावयास बसणाऱ्याने आपल्या उद्योगाची कैफियत आरंभीच सादर करणे उचित होय. घरातील वडीलधारी माणसे हा उपदेश करितात, शाळेत तो सुविचार म्हणून फळ्यावर लिहिला जातो, कीर्तनकार पूर्वरंगात त्याचा विस्तार करितात, आणि ज्यांच्या हितासाठी हा सारा खटाटोप चालतो ते तरुण तो निमूटपणे ऐकून घेऊन दिवेलागणीला पुन्हा आपल्याच कंपूत जाऊन बसतात. याचा सारा दोष तारुण्याच्या उच्छृंखलतेकडे देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु जो उपदेश पिढ्यान्‌पिढ्या वाया जातो, त्याच्या मुळाशी असलेले निदानच कोठे अपुरे नाही ना, हे एकदा तपासून पाहावयास हरकत नसावी. आपण जिला वाईट संगत म्हणतो ती त्या मुलाला वाईट म्हणून भेटलेलीच नसते. तेथे त्याचा शब्द ऐकला जातो, त्याच्या विनोदाला दाद मिळते, एखाद्या दिवशी तो आला नाही तर त्याची विचारपूस होते. आणि ज्याला अन्यत्र कोणी मोजीत नाही तो तेथे कोणीतरी असतो. अशा माणसास त्याचे मित्र दुष्ट आहेत असे सांगणे म्हणजे त्याच्या रोजच्या अनुभवाविरुद्ध साक्ष देणे होय, आणि ती साक्ष त्याने फेटाळली तर त्यात नवल नाही.

ख्रिस्ती धर्मचिंतनाने या प्रश्नाचा जो विचार केला आहे त्याचे वैशिष्ट्य असे की, त्याने हा अनुभव नाकारला नाही. कुसंगतीचे खरे सामर्थ्य तिच्यातील दुष्टपणात नसून तिच्यातील स्नेहात असते; ईश्वराने माणसाच्या ठायी सोबतीची जी भूक ठेविली आहे, जी स्वतः निर्दोष आणि शुभ आहे, तिच्याच वाटेने अनीती आत शिरते; आणि म्हणून एकांतवासाने या रोगाचा परिहार होत नाही, तर दुसऱ्या, अधिक सच्च्या सोबतीनेच होतो, हा या पुस्तकाचा एकमेव सिद्धान्त आहे. तो माझा नव्हे. पवित्र शास्त्रात तो बीजरूपाने आहे, आणि चौथ्या शतकातील एका आफ्रिकन बिशपाने स्वतःच्या पूर्वायुष्याची जी कबुली लिहून ठेविली तीत तो पूर्णपणे विस्तारलेला आहे. या दोहोंचा परिचय मराठी वाचकास करून द्यावा, एवढाच येथे हेतू आहे.

जुन्या करारातील नीतिसूत्रांचे पुस्तक उघडले की, प्रास्ताविक संपताच बापाने मुलास केलेला जो पहिला सविस्तर उपदेश येतो तो संगतीविषयीच आहे. त्यात एक टोळी एका तरुणास वाटमारीसाठी आपल्याबरोबर चलण्याचा आग्रह करिते. सूत्रकाराचे कौशल्य असे की, त्याने त्या टोळीच्या तोंडी केवळ लुटीचे आमिष घातले नाही. सर्वांची थैली एकच राहील, तूही आमच्याबरोबरीने वाटेकरी होशील, असे वचन त्याने तिच्याकडून देवविले आहे. ज्या मुलाला अजून घरात वाटा नाही, पंचायतीत बसण्याचा अधिकार नाही आणि बाजारात पत नाही, त्याला पहिल्याच दिवशी बरोबरीचा हिस्सा देऊ करणारी संस्था कोणती, तर ती टोळी! सोन्याच्या लोभाहून हा मान अधिक ओढून नेतो, हे त्या प्राचीन उपदेशकाने ओळखले होते.

नव्या करारात या विषयाचे ‘कुसंगतीने नीती बिघडते’ हे जे एक सुप्रसिद्ध वचन आहे ते पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात येते, आणि ते मूळचे शास्त्रवचनही नव्हे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्समध्ये जन्मलेल्या मिनँडर नावाच्या विनोदी नाटककाराची ती ओळ असून ‘थाइस’ या नाटकातून ती आली असे परंपरेने मानले जाते. थाइस हे एका गणिकेचे नाव. करिंथ शहर रोमनांनी इ. स. पू. १४६ मध्ये बेचिराख केले होते आणि ज्यूलियस सीझरने इ. स. पू. ४४ मध्ये ते पुन्हा वसविले. लेखेयम आणि किंख्रिया या दोन बंदरांमुळे पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही समुद्रांवरचा व्यापार, आणि व्यापाराबरोबर येणारे खलाशी, दलाल, मुक्त झालेले गुलाम व नवश्रीमंत यांची तेथे दाटी असे. अशा शहरात प्रेषित पौल दीड वर्ष राहिला, अक्विल्ला व प्रिस्किल्ला या दांपत्याबरोबर तंबू शिवण्याचा धंदा करून त्याने पोट भरिले, आणि पुढे इ. स. ५४ च्या सुमारास इफिसहून त्याने आपल्या तेथील शिष्यांस हे पत्र धाडिले. नाट्यगृहात टाळ्या मिळवून गेलेली एक म्हण त्याने ख्रिस्ती मंडळीपुढे ठेविली, यावरून सत्य कोणाच्या दफ्तरातून आले याची त्याला फारशी तमा नव्हती, असे दिसते.

परंतु या वचनाचा प्रसंग बहुधा विसरला जातो. द्यूत, मद्य किंवा व्यभिचार यांविषयी बोलताना पौलाने ते उद्धृत केलेले नाही. मेलेल्यांचे पुनरुत्थान होत नाही असे म्हणणारे काही लोक त्या मंडळीत होते, आणि उद्या मरावयाचेच आहे तर आज खाऊन-पिऊन घ्यावे, हा त्या मताचा निष्कर्ष पौलाला दिसत होता; त्या संदर्भात तो संगतीचा इशारा देतो. ज्यांच्यात आपण रोज उठतो-बसतो ते आपल्या हाताला पाप करावयास लावण्यापूर्वी आपली आशा मोडतात. प्रामाणिकपणाचा काही उपयोग नसतो, सगळेच खातात, पुढचे कोणी पाहिले आहे, अशी वाक्ये हसत-खेळत, चहाच्या घोटाबरोबर कानावर पडत राहतात. त्यांतील एकही वाक्य गुन्हा म्हणून नोंदविण्याजोगे नसते. आणि वर्षभराने त्या माणसास लाच घेताना पाहून लोक विचारितात की, हा कधी बिघडला. पौलाचे उत्तर असे की, तो ज्या दिवशी उद्यावर विश्वास ठेवीनासा झाला त्या दिवशी बिघडला.

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. संगतीचा हा इशारा घेऊन ख्रिस्ती माणसाने जगापासून अंग चोरून बसावे, असा अर्थ करणाऱ्यांस त्याच पत्राचा पाचवा अध्याय आडवा येतो. अनीतिमान माणसांची संगत धरू नका, असे जे मी पूर्वी लिहिले ते जगातील अनीतिमानांविषयी नव्हे, नाहीतर तुम्हांस जगातूनच निघून जावे लागेल, असा खुलासा पौलाने तेथे स्वतःच केला आहे. त्याचा रोख मंडळीत राहून, बंधू म्हणवून घेऊन उघड दुराचार करणाऱ्याकडे होता. पुढे दहाव्या अध्यायात तर परधर्मीयाने जेवावयास बोलाविले तर खुशाल जावे, असे तो सांगतो. खुद्द प्रभू येशूवर त्याच्या विरोधकांनी केलेली एक मुख्य फिर्याद हीच होती की, हा जकातदार आणि पापी लोक यांच्या पंक्तीला बसतो. त्याने ती नाकारली नाही. मत्तय जकातदाराच्या घरी तो जेवला आणि जक्कयाच्या घरी तर तो स्वतः होऊन मुक्कामाला गेला. जकातदारांच्या संगतीने येशू बिघडला नाही, त्याच्या संगतीने जकातदार बदलले. म्हणजे कोणाशेजारी बसलो एवढ्यावरून निवाडा होत नाही. त्या पंक्तीत कोणाच्या पसंतीवर आपले मन टांगलेले आहे, यावरून होतो.

याचा उलटा पुरावाही शास्त्रातच आहे, आणि तो अधिक बोचरा आहे. अंत्युखियात प्रेषित पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, बंधूंबरोबर एकत्र जेवीत असे. परंतु यरुशलेमहून काही वजनदार मंडळी येताच त्यांच्या भीतीने तो मागे सरला, त्याचे पाहून इतर यहूदी सरले, आणि अखेर बर्णबासारखा सरळ माणूसही त्या ढोंगात ओढला गेला. पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला जाब विचारिला, ही हकीकत गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. येथे बिघडविणारी संगत मद्यपींची किंवा चोरांची नव्हती. ती धर्मनिष्ठ, आचारशुद्ध आणि प्रतिष्ठित लोकांची होती. पंक्तिभेदाच्या या प्रसंगाचा अर्थ मराठी वाचकास निराळा समजावून सांगण्याचे कारण नाही. सज्जन म्हणून गणल्या गेलेल्या समूहाच्या धाकाने जो अन्याय घडतो तोही कुसंगतीचाच परिणाम होय, आणि आपल्या नीतिपाठांत त्याची नोंद क्वचितच आढळते.

आता त्या आफ्रिकन बिशपाकडे वळू. ऑगस्टीनचा जन्म इ. स. ३५४ मध्ये, आज अल्जीरियात मोडणाऱ्या थागास्ते नावाच्या लहानशा गावी झाला. बाप पात्रिकियस बेताच्या मिळकतीचा, आई मोनिका श्रद्धाळू ख्रिस्ती. सोळाव्या वर्षी फीचे पैसे जमेपर्यंत त्याचे शिक्षण थांबले, आणि त्या रिकाम्या वर्षात तो गावच्या पोरांच्या मेळ्यात मिसळला. एके रात्री या पोरांनी शेजारच्या बागेतील नासपतीचे झाड झोडपून काढले. फळे दिसावयास चांगली नव्हती आणि चवीलाही नव्हती. याहून उत्तम फळे ऑगस्टीनच्या घरी होती. आणि चोरलेल्यांपैकी बहुतेक त्यांनी डुकरांपुढे टाकिली. इ. स. ३९७ ते ४०० च्या सुमारास, हिप्पो नगरीचा बिशप झाल्यावर लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात या क्षुल्लक चोरीची त्याने जी दीर्घ उलटतपासणी केली आहे, ती पाहून अनेक वाचक बुचकळ्यात पडले आहेत. खून, दरोडे सोडून फळांसाठी एवढा शोक कशाला? परंतु फळे क्षुल्लक होती म्हणूनच हा मोकदमा त्याला मोलाचा वाटला. भूक नव्हती, लोभ नव्हता, वैर नव्हते. एकेक हेतू बाद करीत गेल्यावर शेवटी एकच उरला, आणि तो म्हणजे सोबत. एकटा असतो तर मी हे केले नसते, हे तो पुनःपुन्हा बजावतो. मैत्रीइतकी शत्रुत्व करणारी दुसरी गोष्ट नाही, अशा अर्थाचा विषाद त्याच्या लेखणीतून उतरला आहे.

त्याच भागात त्याने आणखी एक कबुली दिली आहे, आणि माझ्या मते या विषयावरील साऱ्या वाङ्मयात तिच्या तोडीचे निरीक्षण नाही. मित्र आपापल्या दुष्कृत्यांच्या बढाया मारू लागले की, आपण त्यांच्याहून कमी निर्लज्ज आहोत याचीच त्याला लाज वाटे, आणि न केलेली पापेही केली म्हणून तो सांगे. लज्जा हा शीलाचा पहारेकरी आहे, असे आपण मानितो. परंतु टोळीत शिरताच हा पहारेकरी मालक बदलतो आणि ज्यापासून रक्षण करावयाचे त्याच्याच चाकरीला लागतो. पुढे कार्थेजला शिकावयास गेल्यावर तेथे नवख्या विद्यार्थ्यांची टवाळी व छळणूक करणारी उच्छेदक म्हणवणारी एक टोळी होती. तिची कृत्ये ऑगस्टीनला किळसवाणी वाटत, तो त्यांत सामील होत नसे, तरी त्यांच्यात वावरणे त्याने सोडिले नाही, आणि आपण त्यांच्यासारखे नाही याचा संकोचही बाळगिला. आपल्या वसतिगृहांतून नवागतांच्या छळाचे प्रकार जेव्हा उघडकीस येतात तेव्हा छळणारे दोघे-तिघे आणि हसून पाहणारे पुष्कळ असतात; या पुष्कळांचे मन ऑगस्टीनने आतून दाखविले आहे.

अलिपियस हा ऑगस्टीनचा गाववाला, शिष्य आणि जन्माचा मित्र. कार्थेजमध्ये रथांच्या शर्यतींचे त्याला वेड होते. एकदा वर्गात शिकविताना ऑगस्टीनने सहज दिलेल्या एका उदाहरणाने तो सावध झाला व त्याने तो नाद सोडिला. पुढे कायद्याच्या अभ्यासासाठी तो रोमला गेला. तेथे माणसे माणसांना मारीत ते खेळ त्याला अत्यंत तिटकाऱ्याचे वाटत. पण जेवून परतणाऱ्या सहाध्याय्यांनी त्याला गमतीने ओढून रंगमंडलात नेले. तुम्ही माझे शरीर न्याल, मन नेऊ शकणार नाही, असे बजावून तो डोळे मिटून बसला. गर्दीने प्रचंड आरोळी ठोकिली. कुतूहलाने त्याने डोळे उघडिले. आणि त्यानंतर ते मिटता आले नाहीत. आला होता तो अलिपियस राहिला नाही, तो गर्दीचा झाला. पुढे तो आपण होऊन येऊ लागला आणि दुसऱ्यांना ओढून आणू लागला. हाच अलिपियस त्यानंतर रोममध्ये खजिन्याच्या अधिकाऱ्याचा न्यायसल्लागार झाला असता एका बलाढ्य सिनेटरने त्याला लाच देऊ केली, नंतर धमकी दिली. त्याने दोन्ही झिडकारिल्या. सरकारी दराने स्वतःसाठी ग्रंथ नकलून घेण्याचा मोह तेवढा त्याला झाला, आणि विचारांती त्याने तोही आवरिला. सत्ताधाऱ्याच्या धमकीपुढे जो वाकला नाही तो मित्रांच्या हसण्यापुढे वाकला! शत्रूशी लढण्यास माणूस सज्ज असतो. स्नेह्यापुढे त्याने आधीच शस्त्र खाली ठेविलेले असते.

संगत सुटली तरी तिने लावलेली सवय का सुटत नाही, याचे उत्तर ऑगस्टीनने आठव्या भागात दिले आहे. वाकड्या इच्छेतून वासना उत्पन्न होते, वासनेची सेवा केली की सवय जडते, आणि सवयीस वेळीच विरोध न केला की ती अनिवार्य होऊन बसते, अशी ती साखळी आहे. आपल्याकडील जमिनीच्या दाव्यांतून ही गोष्ट चांगली उमगते. परक्या शेतातून कोणी एक दिवस गाडी नेली तर मालक तिकडे कानाडोळा करितो. सोबत्यांच्या भिडेने दुसऱ्या दिवशीही काही बोलत नाही. आणि वर्षानुवर्षे चाके फिरत राहिली की एके दिवशी ती वाट वहिवाटीची ठरून मालकालाच ती अडविण्याचा हक्क उरत नाही. पहिली गाडी हाकणारे सोबती तोवर कोठल्या कोठे पांगलेले असतात. थागास्तेची पोरे ऑगस्टीनच्या आयुष्यातून लवकरच गेली. परंतु मिलानमध्ये तिशी उलटल्यावरही जुन्या सवयी आपले वस्त्र ओढून विनविताहेत असा भास त्याला होत होता.

असे असले तरी सर्व दोष संगतीच्या माथी मारण्यास ख्रिस्ती विचार तयार नाही. ब्रिटनमधून रोमला आलेल्या पेलागियस नावाच्या तपस्व्याचे मत असे होते की, आदामाचे पाप मानवजातीत आले ते अनुकरणाने आले. चांगले उदाहरण समोर ठेविले की माणूस स्वबळावर चांगला होईल, हे त्यातून ओघानेच निघते. आधुनिक सुधारकाला हे मत फार पटेल. ऑगस्टीनने त्याला कडाडून विरोध केला आणि ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने ते त्याज्य ठरविले. बाहेरून पोटात जाणारे माणसास अशुद्ध करीत नाही, अंतःकरणातून निघते ते करिते, ही येशूची शिकवण मार्कने नोंदविलेली आहे. म्हणून आपला मुलगा मूळचा निष्पाप होता व दुसऱ्यांच्या मुलांनी त्याला बिघडविले, ही जी जबानी प्रत्येक घरातून ऐकू येते ती या विचारापुढे टिकत नाही; कारण त्या दुसऱ्या घरीही हीच जबानी देण्यात येत असते.

मग उपाय कोणता? नर्सियाचा बेनेडिक्ट रोममध्ये शिकत असता सहाध्याय्यांचा स्वैराचार पाहून शहर सोडून गेला आणि सुबियाको येथील एका गुहेत एकटा राहू लागला. परंतु पुढे एका मठातील संन्याशांच्याच आग्रहावरून तो त्यांचा प्रमुख झाला, तेव्हा त्याच्या शिस्तीला कंटाळून त्यांनी त्याला विष घालण्याचा प्रयत्न केला, असे पोप ग्रेगरीने लिहिले आहे. मठाच्या भिंती वाईट संगतीला अडवीत नाहीत, हे इतक्या लवकर सिद्ध झाले. तरीही बेनेडिक्टने पुढे जो ग्रंथ रचिला तो एकांताचा नव्हे, सहवासाचा नियम होता. त्यापूर्वीच कैसरियाच्या बेसिलने, एकट्याने राहणारा पाय कोणाचे धुणार, असा प्रश्न टाकिला होता. आणि ३८६ मध्ये मिलानच्या बागेत पौलाच्या पत्रांचे पुस्तक उघडून वाचलेल्या ओळीने ऑगस्टीनच्या मनाचा निर्णय झाला तेव्हा त्याच्याजवळ होता तो अलिपियसच. त्याने तेच पुस्तक हाती घेऊन पुढची ओळ स्वतःस लागू करून घेतली, आणि ३८७ च्या पुनरुत्थानसणाला दोघांनी बरोबरच बाप्तिस्मा घेतला. पडावयास सोबत लागली होती तशीच उठावयासही लागली.

महाराष्ट्रात ख्रिस्ती झालेल्या पहिल्या पिढ्यांना हा प्रश्न विशेष तीव्रतेने भेडसावला, कारण बाप्तिस्म्याबरोबर त्यांची जुनी सोबत, जात, नाते, पंक्ती, सारीच तुटत असे. आणि मिशनच्या आवारात जी नवी सोबत मिळे ती पुष्कळदा भोवतालच्या समाजाकडे पाठ फिरवून उभी असे. भ्रष्ट संगतीच्या भीतीने शेजाऱ्यालाच परके करण्याचा हा धोका नारायण वामन टिळकांनी ओळखिला. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांनाही जागा ठेविली. संतसंगतीचे माहात्म्य ज्या भूमीत अभंगांतून आणि वारीतून पिढ्यान्‌पिढ्या रुजले, तेथे जन्मलेल्या माणसास ख्रिस्ताची मंडळी ही कुंपण घातलेली जागा वाटली नाही, हे स्वाभाविकच होते.

पुस्तकाची मांडणी या विवेचनास धरूनच केली आहे. पहिल्या प्रकरणात शास्त्रातील आधार, दुसऱ्यात करिंथ, तिसऱ्यात व चौथ्यात ऑगस्टीन आणि अलिपियस, पाचव्यात मठांचा इतिहास आणि सहाव्यात आपल्याकडील घरे, शाळा, वसतिगृहे व मंडळ्या यांचा विचार आहे. टाळावयाच्या माणसांची यादी शोधणाऱ्या वाचकाची येथे निराशा होईल. पाळकांनी व पंचांनी मात्र सहावे प्रकरण आधी वाचावे, अशी माझी विनंती आहे. तेथे मागणी एवढीच केली आहे की, तरुणांनी कट्ट्यावर जाऊ नये असा ठराव करण्यापूर्वी त्यांना जावयास दुसरी कोणती जागा आपण उघडी ठेविली आहे याचा हिशेब द्यावा. कट्टा रोज संध्याकाळी भरतो, त्याला वर्गणी नाही आणि तेथे कोणी कोणाचा चेहरा पाहून तोंड फिरवीत नाही. मंदिर रविवारी सकाळी दोन तास उघडते आणि मग त्याला कुलूप लागते. ही वेळापत्रके जोवर अशीच राहतील, तोवर पौलाचे वचन फळ्यावर कितीही सुंदर अक्षरात लिहिले तरी त्याचा अंमल होणार नाही.